सूर्याआड

जुलैत कारूच्या पठारावर पाणी नळातच गोठतं.
फ्रेझरबर्गच्या पुढे, मेंढ्या कातरायच्या शेडमागे
आम्ही चौघं. कधी तिघंच.
नऊच्या सुमारास वृश्चिक बरोबर माथ्यावर येतो,
इतका सरळ वर, की मान मोडते
आणि टोपी मागे मातीत पडते.

ऊम फ्लोर्स, सगळ्या गावाचा काका,
दिवसा पवनचक्क्यांचे पंप दुरुस्त करतो.
दुर्बिणीचा आरसा त्याने दोन हिवाळे घासला,
स्वयंपाकाच्या टेबलावर.
बायको म्हणायची, पावात वाळू येते.
आता ती नाही. टेबल आहे.
टेबलाच्या कडेला अजून खरखरीत लागतं.

मूळ नक्षत्राच्या जरा वर त्याचा एक तारा आहे,
रूपविकारी, तांबडा,
नऊ-साडेनऊ महिन्यांत फुलतो आणि विझत जातो.
शेजारच्या दोन स्थिर ताऱ्यांशी ताडून
ऊम त्याची प्रत सांगतो,
मी वहीत लिहिते.
आकडा मोठा तर तारा मंद, ही आमची उलटी भाषा.
मी टपाल कचेरीत पार्सलं वजन करते;
आकडा जसा येतो तसा लिहायचा,
एवढंच मला येतं.

एकवीस वर्षांच्या वह्या.
दर डिसेंबरच्या पानावर एकच शब्द:
सूर्याआड.

दोन वर्षांपूर्वी मला शंका आली.
तारा उतरणीला लागलेला,
आणि ऊमचे आकडे उतरेनात.
७.२. पुन्हा ७.२. मग ७.०.
मी काहीच बोलले नाही.
लाल टॉर्चच्या उजेडात माझा चेहरा
तसाही कुणाला दिसत नाही.

बोलली ती जेरिका. तेरा वर्षांची,
आईचं जॅकेट घातलेली, बाह्या गुडघ्यापर्यंत.
नेत्रिकेला डोळा लावून म्हणाली,
"नाही ऊम, तो डावीकडच्यापेक्षा मंद आहे.
खूपच मंद."

पवनचक्की एकदा करकरली.
कुणीतरी थर्मासचं झाकण लावलं,
मग उगाच पुन्हा उघडलं.

ऊम म्हणाला, "परत बघ. रोखून नको.
थोडी बाजूला नजर ठेव,
मेंढी बुजू नये म्हणून ठेवतो तशी."
ती बघत राहिली. नाकाचं पाणी पुसलं.
"८.१," ती म्हणाली.
ऊम माझ्याकडे वळला:
"दोन्ही लिही. नावं घालून."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. पिवळा, पिकलेला.
शस्त्रक्रियेची तारीख वूस्टरला मिळाली, डिसेंबरची.
ऊमने पंचांग बघितल्यासारखं करून सांगितलं,
"चालेल. तेव्हा त्यालाही रजाच असते."

उन्हाळ्यात मृग इथे डोकं खाली, पाय वर करून उभा असतो,
व्याध त्याच्याही वर, अगस्ती तर अगदी माथ्याशी.
आम्ही सगळं पाहिलं, मॅजेलनचे दोन्ही ढग पाहिले,
पण वहीत नोंद नाही.
उत्सुकता कशालाच नव्हती.

जानेवारी संपता संपता, पहाटे साडेतीनला,
वृश्चिक पूर्वेला वर सरकला.
ऊम स्टुलावर बसला. पट्टी निघालेली,
चष्मा अजून यायचा होता.
बराच वेळ झाला. मी पेन्सिल काखेत धरून गरम करत होते.

"अगं," तो म्हणाला,
"हा डावीकडचा निळा आहे?"

एकवीस वर्षं ज्याच्याशी ताडलं तो तारा.
जेरिका म्हणाली, "निळाच तर आहे."

घरी जाताना त्याने वही मागितली.
दोन वर्षांचे आकडे खोडतो म्हणाला.
मी वही दिली नाही.
जॅकेटखाली, पोटाशी धरून
गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन बसले.
पत्रा बर्फासारखा गार होता,
आणि ऊम खड्डे चुकवत,
दिवे न लावता,
जरा जास्तच हळू चालवत होता.